आडे बाबूंचा नमस्कार

माझा उजवा हात खांद्यातून उठत नाही. अकरा वर्षांत हे वाक्य आज पहिल्यांदा लिहितो आहे, आणि तेही त्याच हातानं, कारण बोटं शाबूत आहेत. कोपर मनात आलं तर थोडंसं वळतं. खांद्याच्या मनात काहीच येत नाही. सासुरवाडीला मेव्हण्याच्या वरातीत ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर नाचता नाचता मी खाली आलो, त्याची ही कमाई. गाणं कोणतं होतं, ते विचारू नये.

आमच्या फुलसावंगीत हे कोणालाच माहीत नव्हतं. उलट, आडे बाबूंसारखा संस्कारी माणूस पंचक्रोशीत नाही अशी माझी ख्याती. त्याचं असं झालं. पाण्याचा ग्लास एका हातानं समोर धरायला खांदा लागतो. शाळेत मी शिपाई होतो, पाणी देणं चुकत नव्हतं. आणि डाव्या हातानं पाहुण्याला पाणी देणं म्हणजे त्याचा अपमानच. म्हणून मी डावा हात उजव्या मनगटाखाली घालून ग्लास पुढे करू लागलो. तपासणीला आलेले एक साहेब गहिवरून म्हणाले, "बघा, दोन हातांनी पाणी देतो माणूस! आता असे संस्कार राहिले कुठे?" झालं. नमस्काराचीही तीच कथा. उजवी करंगळी डाव्या बोटांत अडकवायची आणि दोन्ही हात एकदम छातीशी आणायचे. एका मेलेल्या हाताचं ओझं उचलायचं म्हणजे मान आपोआप खाली जाते, डोळे मिटतात. बघणाऱ्याला त्यात केवढा विनय दिसायचा! आया पोरांना माझ्यासमोर उभं करून सांगायच्या, "पाह्य, आडे बाबूवाणी नमस्कार करत जा." गावातल्या प्रत्येक कार्यक्रमात आभार मानायला मीच. व्यंगाला लोक संस्कार समजत असतील, तर आपण होऊन त्यांचा गैरसमज दूर करण्याइतका मी थोर नाही.

पण दोन वर्षांपूर्वी माझी बढती झाली आणि मी शिपायाचा क्लार्क झालो. अट एकच, दोन वर्षांत टायपिंगची परीक्षा पास व्हायची. आता टायपिंगचं शास्त्र असं आहे की उजवा हात कळफलकावर हिंडायला पाहिजे. माझा जिथं ठेवला तिथंच राहतो, त्याच्या वाट्याला चार अक्षरं येतात. बाकी सगळा संसार डाव्या हातानं ओढायचा. तीनदा परीक्षेला बसलो. तिसऱ्यांदा वेळ संपली तेव्हा मी 'महोदय'च्या पुढचा स्वल्पविराम शोधत होतो.

जानेवारीत हेडमास्तरांनी पत्र हातात ठेवलं. मार्चअखेर पास झालो नाही, तर परत शिपाई. "नियमच आहे, आडे," ते म्हणाले. "दिव्यांगांना सूट आहे यातून. चाळीस टक्क्यांचं प्रमाणपत्र लागतं. पण तुम्ही पडले ठणठणीत." हे त्यांनी माझं कौतुक म्हणून सांगितलं.

शिपाई होण्यात कमीपणा होता असं नाही. खरी गोष्ट अशी, की ते काम मला आता जमणारच नव्हतं. मी शिपाई होतो तेव्हासुद्धा शाळेतले माठ उज्ज्वला, म्हणजे माझी बायको, शाळा उघडायच्या आधी येऊन भरून जायची. आता तिचे गुडघे दुखतात. म्हणजे खुर्ची गेली की पाठोपाठ नोकरीच गेली.

"मंग सांगून टाका ना," उज्ज्वला म्हणाली. घरात आम्ही गोरबोली, म्हणजे बंजारा बोली बोलतो. इथं तिचं बोलणं मराठीत देतोय, त्यामुळं धार जरा कमी वाटेल.

"काय सांगू?"

"हात उठत नाई म्हणून. खोटं थोडीच हाय?"

"आन् गावात माही इज्जत?"

"इज्जत काय टायपिंग करून देणार हाय का तुमची?" ती म्हणाली.

अर्ज ऑनलाइन भरायचा होता. गावात ते काम अश्वजितच्या सेतू केंद्रात होतं. मी मुद्दाम गर्दी नसेल अशी वेळ साधून गेलो, तर पीक विम्यासाठी नऊ जण रांगेत. मी वाकून त्याच्या कानात सांगितलं. अश्वजित अतिशय प्रामाणिक मुलगा. स्क्रीनवर जे दिसेल ते तो मोठ्यानं वाचतो. "अपंगत्वाचा प्रकार? हात का पाय, बाबू? कोणता हात? उजवा? आन् पूर्ण फोटो पायजे तुमचा, उभा." माझ्या मोबाइलमध्ये उभा फोटो एकच होता, शाळेच्या स्नेहसंमेलनात आभार मानतानाचा, हात जोडलेला. त्यात मी बरा दिसतो. तोच चढवला. माणसाची बुद्धी जायची तेव्हा अशी जाते.

संध्याकाळपर्यंत गावभर झालं. मी मान खाली घालून घरी बसलो, आता लोक हळहळणार या भीतीनं. हळहळलं कोणीच नाही. लोकांनी अभिनंदन केलं.

पहिले आले शेजारचे देवरावकाका. एका डॉक्टरांकडे तीस वर्षं कंपाउंडर होते, त्यामुळं अजूनही स्वतःला निम्मे डॉक्टर समजतात. दार लावून घेत म्हणाले, "राजकुमार, कोन्या एजंटाकडून करून राह्यला गड्या?"

"एजंट नाई काका. हात खरंच उठत नाई माहा."

काका खोकला लागेपर्यंत हसले आणि नेमका त्याच खांद्यावर हात मारून म्हणाले, "बेस! मलेही असंच सांगत जा. बाहेर बिलकुल बयान बदलवू नोको."

मी शर्ट काढून दाखवायला लागलो, तर म्हणाले, "राहू दे. माह्यापाशी कायले नाटक? इतक्या वर्षांपासून तुले पाहून राह्यलो ना मी." या अकरा वर्षांत कोणाला कळू दिलं नाही, याचा मला कोण अभिमान होता. आता कोणी मानायलाच तयार नाही, याचा तितकाच राग आला. बोगस प्रमाणपत्र काढणाऱ्याला आमच्याकडे कोणी वाईट म्हणत नाही, हुशार म्हणतात. त्यामुळं गावात माझा मान उलट वाढला, आणि प्रामाणिक माणूस एवढा खोटा कधी पडला नसेल.

तपासणीची तारीख बुधवारची मिळाली. काकांनी आठ दिवस माझी तयारी करून घ्यायची असं स्वतःच ठरवलं. रोज संध्याकाळी ओसरीवर क्लास.

"हात लटकवून दाखव."

मी हात सोडला. आपोआप लटकला, त्यात माझं काही कर्तृत्व नव्हतं.

काकांनी मान हलवली. "नाई पटत. लय ओव्हर करून राह्यला तू. अपंगाचा हात असा नसते." मग ते उठले, आपला धडधाकट हात कोपरात मुडपला, बोटं वाकडी केली, एक खांदा पाडला आणि ओसरीवरून तोंड वेडंवाकडं करत दोन फेऱ्या मारल्या. कबूल करायला हवं, त्यांचा हात माझ्यापेक्षा जास्त अपंग दिसत होता. दोन चांगले हात असलेल्या माणसाकडून मी माझा मेलेला हात लटकवायला शिकू लागलो. चौथ्या दिवशी काका म्हणाले, "आता थोडा खरा वाटून राह्यला."

पलीकडच्या घरातल्या बिजलीबाई भाजी निवडता निवडता हे सगळं पाहत असायच्या. त्या नेहमीच्या मोठ्या आवाजात तिथूनच सांगायच्या, नुसतं लटकून भागत नाही. "डॉक्टरले काई तं दिसाले पायजे. सुजला पायजे हात." त्यांनी रुईची पानं गरम करून, हळद आणि एरंडेल लावून हातावर बांधायला दिली. मी तीन रात्री बांधली. रुईचा चीक अंगाला लागला तर काय होतं, हे मला चौथ्या दिवशी कळलं. हात काही सुजला नाही, पण खांद्यापासून मनगटापर्यंत पिवळाधम्मक झाला, वर लाल फोड आले आणि अशी खाज सुटली की वर्गाच्या दाराला उभा राहून बैलासारखा अंग घासू लागलो.

दाढी आठ दिवस करायची नाही, हा आणखी एक सल्ला. तो कोणी दिला ते आठवत नाही, तोवर सल्लागार बरेच झाले होते. वाढलेली दाढी, जुना शर्ट आणि अंगाला एरंडेलाचा वास पाहून दोन पालक शाळेत येऊन माझं सांत्वन करून गेले. कोण गेलं, हे त्यांनी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही.

पण काकांचा खरा धडा होता तो नमस्काराचा. "तिथं गेला का नमस्कार कराचा नाई. तुहा नमस्कार पाह्यला का डॉक्टर म्हणन, दोन्ही हात फस्टक्लास." हे मला पटलं. उज्ज्वलाला खुर्चीवर डॉक्टर म्हणून बसवायचं आणि मी दारातून आत यायचं, अशी तालीम सुरू झाली. पहिल्या दिवशी सहा वेळा आत आलो, सहाही वेळा हात जोडले गेले. मोठा माणूस खुर्चीत बसलेला दिसला की माझी करंगळी आपोआप अडकते, त्याला मी काय करू? शेवटी काकांनी तोडगा काढला. डाव्या हातात कागदांची जड पिशवी ठेवायची. हातच मोकळा नाही, तर जोडणार कसा?

बुधवारी सकाळच्या पहिल्या एसटीनं उज्ज्वला आणि मी यवतमाळला गेलो. वाटेत काकांचे चार फोन आले. सरकारी दवाखान्याच्या खिडकीवर कळलं की आधार कार्डावर मी 'राजकुमार धावजी आडे' आहे आणि शाळेच्या जुन्या दाखल्यावर 'राजू'. खिडकीतल्या बाबूनं विचारलं, "राजू कोण?" मी म्हणालो, "मीच." तो म्हणाला, "कशावरून?" या प्रश्नावर मी क्षणभर खरोखरच विचारात पडलो. एक क्लार्क दुसऱ्या क्लार्कला असं वागवतो, याचं वाईट वाटलं. मग आठवलं की पालकांना मीही हेच विचारतो. शपथपत्र करून, झेरॉक्स काढून, एक्स-रे घेऊन आमचा नंबर आला तेव्हा दुपारचा एक वाजला होता. उज्ज्वलाला दाराशी थांबवलं आणि मी पिशवीसह आत गेलो.

टेबलामागे हाडांच्या डॉक्टर मॅडम, बाजूला दोन शिकाऊ डॉक्टर. मी हात न जोडता उभा राहिलो. इतकं उद्धट मला जन्मात कधी वाटलं नव्हतं.

"पिशवी ठेवा तिकडे," मॅडम म्हणाल्या.

मी पिशवी ठेवली. काकांनी याचा विचारच केला नव्हता. करंगळी अडकली, मान खाली गेली, डोळे मिटले, आणि आयुष्यातला सगळ्यात सुंदर नमस्कार माझ्या हातून झाला.

"छान नमस्कार करता," मॅडम म्हणाल्या. मग त्यांनी स्क्रीनवर माझा फोटो पाहिला. "इथंही करताय."

एक शिकाऊ डॉक्टर खिडकीबाहेर बघू लागला.

"बरं, त्रास काय होतो?"

आणि मी म्हणालो, "काही नाही मॅडम. तसं सगळं बरं आहे."

मला खरोखर काय झालं ते सांगता येत नाही. एवढ्या दूर मी ज्या एका वाक्यासाठी आलो होतो, ते सोडून भलतंच बोललो. अकरा वर्षं हेच उत्तर देत आलो होतो, तेच जिभेवर आलं. पुढं तर बांधच फुटला. शर्ट घालता येतो? येतो. केस विंचरता? विंचरतो. जेवता? जेवतो ना. त्या दोन तरुण पोरांसमोर 'नाही' म्हणायची मला लाज वाटली.

"हात वर करा." मी डाव्या हातानं उजवा धरून वर केला. "आता सोडा." मी सोडला, आणि ऐन वेळी मला क्लास आठवला. बोटं वाकडी केली, खांदा पाडला, तोंडही थोडं वेडंवाकडं केलं. मॅडमनी बाही सरकवली. पिवळा हात, लाल फोड.

"हे काय लावलंय?"

"लेप," मी म्हणालो.

त्यांनी पेन खाली ठेवला. "आडे, रोज असे दहा जण येतात माझ्याकडे. खऱ्यांचा नंबर त्यामुळे मागे पडतो. तुम्ही शाळेत काम करता ना?" आवाज चढवला नव्हता, तो चढवला असता तर बरं झालं असतं. त्या शिकाऊ डॉक्टरला म्हणाल्या, "पुढचा घ्या."

मी पिशवी उचलायला वळलो. शाळेच्या दाराजवळचं शिपायाचं लाकडी स्टूल माझ्या डोळ्यांपुढं आलं, आणि त्यावर मीसुद्धा नव्हतो, दुसराच कोणी तरी होता.

तेवढ्यात उज्ज्वला आत आली. तिला कोणी बोलावलं नव्हतं. "थांबा मॅडम," म्हणाली, आणि माझा डावा हात तिनं आपल्या दोन्ही हातांत घट्ट धरला, कमरेशी दाबून.

"करा आता नमस्कार," ती मला म्हणाली.

"काय तमाशा लावला? सोड."

"करा म्हणते ना."

मी प्रयत्न केला. अगदी मनापासून केला, कारण ती चिडली होती. बोटं थरथरली. मनगट थोडं फिरलं. कपाळाला घाम आला. हात मांडीजवळ होता तिथंच राहिला. मी आणखी जोर लावला, तर माझं सगळं अंग एका बाजूला कललं, हात नाही हलला. अकरा वर्षांत हे कोणी पाहिलं नव्हतं. मीही नव्हतं पाहिलं, कारण डावा हात नेहमीच मदतीला यायचा. मला रडू आलं. डोळे पुसायला डावा हात सोडवू लागलो, तर ही बाई तो सोडेना.

मॅडम खुर्चीतून उठल्या. कोनमापकासारखं काहीतरी घेऊन त्यांनी खांदा, कोपर, मनगट सगळं मोजलं, एक्स-रे पुन्हा दिव्यासमोर धरला, नसांची तपासणी करायला पाठवलं. मग तेच प्रश्न पुन्हा विचारले, यावेळी उज्ज्वलाला.

"शर्ट कोण घालतं?"

"मी."

"केस?"

"मीच."

"आंघोळ?"

"हा प्रश्न राहू द्या मॅडम," मी म्हणालो. पण उत्तर लिहून झालं होतं.

प्रमाणपत्र मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात आलं. बावन्न टक्के. कोणत्याही परीक्षेत मला एवढे पडले नव्हते. हेडमास्तरांनी ते नीट वाचून फाइलला लावलं आणि जाता जाता मला डोळा मारला. देवरावकाकांनी चौकात स्वतःच्या खर्चानं पेढे वाटले, "माह्या ट्रेनिंगचं फळ हाय हे" असं प्रत्येकाला सांगून. मी चार दिवस विरोध केला, शर्टाची बाही वर करून दाखवली, आवाज चढवला. लोक कौतुकानं म्हणाले, "पाहा, अजून बयान बदलवत नाई." पाचव्या दिवशी मी गप्प बसलो.

पुढच्या रविवारी दुपारी बिजलीबाईंचे मालक हिरासिंगभाऊ घरी आले. आमच्या तांड्यात कुठं भांडण झालं की ते मिटवायला यांना नेतात. दोन्हीकडचं तासन् तास शांतपणे ऐकून घेतात, मधे एक शब्द बोलत नाहीत, शेवटी मान हलवून "मिटवून घ्या" म्हणतात. एवढा संयमी माणूस दुसरा नाही. आमच्या घरी कधी न येणारे, आज समोरची खुर्ची ओढून अगदी माझ्या तोंडापुढं बसले.

"बाबू, मलेही सर्टिफिकेट काढाचं हाय," हळूच म्हणाले. "कानाचं."

माझं डोकं फिरलं. "भाऊ, तुमच्यासारख्यानं बोगस काढाचं?"

ते माझ्या ओठांकडे पाहत होते. मला तेव्हा कुठं लक्षात आलं.

"बोगस नाई," ते म्हणाले. "दोन्ही कान गेले. सा वर्षं झाले. समोर बसून कोणी हळू बोललं तं ओठावरून समजते. नाई समजलं तं मान हलवतो. सर्टिफिकेट असलं तं कानातलं मशीन भेटते म्हणते."

"मंग सरळ यवतमाळले जा ना. खरं हाय ते सांगा."

"तेच तं नाई पायजे, बाबू. गावाले बोगसच वाटलं पायजे, तुमच्यासारखं. फुकटात भेटली म्हणून मशीन घातली, असं म्हणतीन लोकं. भयरा म्हटल्यावर कोण बोलावते मले फैसल्याले?" मग आणखी हळू आवाजात म्हणाले, "बिजलीले बी पत्ता नाई. तिले कळू द्याचं नाई मले."

आतून उज्ज्वलाचा आवाज आला. "बिजलीबाईले सारं माहीत हाय म्हणावं त्यायले. माहेरी गेली का किती हळू बोलते ते. इथंच तेवढी ओरडते, उगा का?"

हिरासिंगभाऊ माझ्याच तोंडाकडे पाहत होते. आत कोणी बोललं, हे त्यांच्या गावीही नव्हतं. मी आत बघितलं म्हणून त्यांनी विचारलं, "काय झालं?"

मी खुर्ची आणखी पुढं सरकवली. "बिजलीबाईले माहीत हाय," सावकाश म्हणालो.

त्यांनी मान हलवली, नेहमीसारखी. समजलं की नाही, कळायला मार्ग नव्हता. मग म्हणाले, "कधीपासून?"

मी आत विचारलं.

"पहिल्या दिवसापासून," उज्ज्वला म्हणाली. "अशा गोष्टी बायकोले विचारा लागते का?"

तेवढं मला त्यांना दोनदा सांगावं लागलं, कारण पहिल्यांदा माझेच ओठ धड हलले नाहीत.